दोन हजारांच्या वर एक

१

वास जिन्यातच आला. शिळ्या फुलांवर कुणीतरी साखरेचा पाक ओतून ठेवावा, तसला. आत्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, रुमाल नाकाला लावला आणि कठड्याला धरून तिसरा मजला चढल्या.

भावाचं दार सताड उघडं होतं. आत पलंगावर दादा उशांना टेकून खोकत होते. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला होता.

"नको," दादा म्हणाले. "नको, नको."

"खिडकी उघडा आधी," आत्या म्हणाल्या.

"आत्या, तो पुरावा आहे," थोरला भाचा म्हणाला.

"वास पुरावा आहे? मग बरणीत भरून ठेव. उघड खिडकी."

त्यानं उघडली. टेबलावर जांभळी सेंटची बाटली होती, बूच नीट न बसलेली. टेबलाच्या एका बाजूला थोरला, त्याच्या मागे त्याची बायको, शाळेतून मधल्या सुट्टीत आल्यासारखी खांद्याला पर्स लावूनच. दाराशी धाकटी भाची, हाताची घडी घालून. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मावशी. दादांना तीन वर्षं उठवणारी, बसवणारी, भरवणारी बाई. ती कुणाकडेच बघत नव्हती.

थोरल्यानं सगळं थोडक्यात सांगितलं. थोडक्यात सांगण्यात त्याचा हातखंडा होता, शब्दसुद्धा तो मोजून खर्च करी. बाबांच्या कार्डावर दोन महिन्यांत सात खरेद्या झाल्या होत्या, सगळ्या एकाच ऑनलाइन दुकानातून आणि बाबांच्या याच फोनवरून. बायकी पर्स, चपला, केस वाळवायचं यंत्र, असलं काहीबाही. आज सकाळी मावशीच्या ट्रंकेत ही बाटली सापडली. चार वाजता मावशीला पाठवणाऱ्या संस्थेची माणसं येणार होती. ती तिला घेऊन जातील, तिच्या नावापुढे 'चोरी' लिहितील, आणि मग कुठलंही घर तिला दारात उभं करणार नाही.

"आणि हा बँकेचा फॉर्म. तू बावीस वर्षं हेच काम केलंस ना? तेवढा नीट भरून दे, म्हणजे पैसे परत येतील."

आत्यांनी खरंच बावीस वर्षं एका कार्ड कंपनीत, कानाला हेडफोन लावून, लोकांचं 'मी हे घेतलंच नाही' ऐकलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी ते घेतलेलं असे. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरातल्या कुणीतरी. निवृत्त होताना त्यांनी एक दुखरा कान आणि माणसांबद्दलचं फार खालावलेलं मत घरी आणलं होतं.

त्यांनी दादांचा फोन घेतला, खरेद्यांचे मेसेज काढले, चष्मा वर सरकवला. घड्याळात सव्वा वाजला होता.

"पर्स, एक हजार नऊशे पासष्ट. आणि खोडरबरं, एकोणचाळीस." त्या थांबल्या. "केस वाळवायचं यंत्र, एक हजार नऊशे एकोणनव्वद. आणि एक खोडरबर, बारा. खोडरबर कशाला?" त्यांनी बोट खाली सरकवलं.

"दोन हजार चार. दोन हजार एक. दोन हजार नऊ. सातही वेळा दोन हजारांच्या जेमतेम वर. दोन हजारांच्या वर माल घरपोच फुकट असतो, नाहीतर ऐंशी जादा. होय ना?" आत्यांनी फोन पालथा ठेवला. "बावीस वर्षांत मी शेकड्यांनी चोर पाहिले. म्हणजे ऐकले. दुसऱ्याच्या पैशावर मजा मारणारा माणूस डिलिव्हरीचे ऐंशी वाचवायला बारा रुपयांचं खोडरबर शोधत बसत नाही. तो ऐंशी देतो, वर गिफ्टच्या कागदाचेही देतो."

"म्हणजे?" सूनबाईनं विचारलं.

"म्हणजे ज्यानं हे घेतलं, त्याला हे पैसे स्वतःचे वाटतात. आता नसले तरी पुढे होणारे." आत्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही बाहेर बसा. मला मावशीशी बोलायचंय."

२

मावशी बोलताना तोंडापुढे हात धरायची. वरचे चार दात नव्हते.

"आत्याबाई, मी सेंट लावीन का? आजोबांना साध्या साबणाचा वास सोसत नाही. मी तर अंगाला हरभऱ्याचं पीठ लावते."

ते आत्यांना ठाऊक होतं. मावशीच्या अंगाला कसलाच वास नसे. या घरात बिनवासाची अशी ती तेवढी एकच बाई होती.

"ट्रंकेला कुलूप नसतं?"

"कशाला? आत काय, दोन लुगडी आणि दाताच्या डॉक्टरांचा कागद. पुढच्या महिन्यात मला तीन वर्षं होतात. संस्थेचा नियम आहे, तीन वर्षं एका घरी काढली की त्या घरानं चार महिन्यांचा पगार एकदम द्यायचा. त्यात दात बसवणार होते." तिनं हात तोंडावर जास्तच घट्ट धरला. "जेवताना आजोबा माझ्याकडे बघून हसतात. म्हटलं, आपणही एकदा धड हसून दाखवू."

आत्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हळवं व्हायला त्यांना आत्ता वेळ नव्हता.

"सगळ्या खरेद्या अकरा ते साडेअकराच्या मधल्या आहेत. त्या वेळी तू काय करतेस?"

"अंघोळ. अकराच्या ठोक्याला. एका हातानं आजोबांना धरायचं, दुसऱ्यानं पाणी घालायचं. अकरा वाजले की त्यांचं सुरू होतं, नको, नको. लहान मुलासारखा कंटाळा आहे अंघोळीचा. एकदा पाणी पडलं की मात्र गप्प बसतात, नुसते समोर बघत."

आत्या उठून मोरीत गेल्या. अंघोळीची चाकांची खुर्ची भिंतीला लावलेली होती. ती पुढे ओढल्यावर दार लागेना, चाक मध्ये येत होतं. आत्या त्या ओल्या खुर्चीत बसल्या, साडी भिजली तरी. समोर बेसिनवर आरसा होता. स्वतःचं तोंड दिसेल म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर आरशात उघड्या दारातून मागची खोली दिसली. पलंगाची कड, टेबल, आणि टेबलावर पालथा पडलेला फोन.

त्यांनी खुर्ची पुन्हा भिंतीला लावली. मग बाहेर आल्या.

"खरेदी करताना फोनवर ओटीपी येतो. सहा आकडे. ते कुणाला ठाऊक होतात?"

मावशीनं खाली पाहिलं. "मीच वाचून दाखवते की. आजोबांच्या औषधांचे पैसे भरायचे असतात तेव्हा फोन येतो, मावशी, आकडे सांगा. मी सांगते."

"फोन कुणाचा येतो?"

"धाकट्या ताईंचा."

३

धाकटी स्वयंपाकघरात चहाची भांडी घासत होती. कुणी सांगितलं नव्हतं. राग आला की ती भांडी घासते हे आत्यांना तिच्या फ्रॉकच्या दिवसांपासून माहीत होतं.

"कार्डाचा नंबर तुझ्याकडे आहे."

"आहे. औषधं मी मागवते, दर महिन्याच्या एक तारखेला, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. बघ मेसेज." तिनं कपबशी आपटली. "आणि मी मागवते तेव्हा दर वेळी घाईच्या डिलिव्हरीचे जादा पैसे भरते. मुद्दाम. गरज नसली तरी. आयुष्य गेलं आत्या माझं त्या दोन हजार एकमध्ये."

तिला पुढे सांगायची गरज नव्हती, पण ती थांबली नाही. दादांचं बटणांचं दुकान होतं. बटणं, हुक, लेस. घाऊकवाला ठराविक रकमेच्या वर माल फुकट पोचवायचा, आणि दादा पोरांना शेजारी बसवून ऑर्डर लिहायला लावत. एका रुपयानं वर गेली की शाबासकी, पन्नासानं वर गेली की पुन्हा लिहा. फुटका माल आला की त्याचीही शिस्त होती. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवायचा, शेजारी पितळी पट्टी आडवी, आणि मगच घाऊकवाल्याला दाखवायचा, म्हणजे त्याला वाद घालता येत नाही.

"माझ्या भावाला तर सगळं तोंडपाठ. मी सहा वर्षांत दुकानाची पायरी चढले नाही. ती साखळीनं बांधलेली पट्टी अजून गल्ल्याशेजारी लोंबते का, तेही मला माहीत नाही."

"लोंबते," सूनबाई दारातून म्हणाली. "परवाच माझी ओढणी अडकली तिच्यात."

आत्या तिच्याकडे वळल्या. "तू काय करत होतीस सकाळी मावशीच्या ट्रंकेत?"

सूनबाईचे कान लाल झाले. ती शाळेत शिकवायची, सकाळी सात ते एक वर्गात असायची, चाळीस पोरांच्या साक्षीनं. आज परीक्षेची सुट्टी होती.

"मला आवडत नाही आत्याबाई कुणाच्या सामानात हात घालायला. पण हे म्हणाले, ट्रंक बघ. कपड्यांच्या खाली बघ."

"कपड्यांच्या खाली."

"हो." ती थोडी थबकली. मग पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. पुढचं तिनं मनात काय म्हटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

आत्यांनी स्टूल ओढलं आणि फोनवर कार्डाचं महिन्याचं विवरण उघडलं. खर्चाच्या ओळी सगळ्यांनी वाचल्या होत्या. जमेची एक ओळ होती, ती कुणी वाचली नव्हती. घरातून पैसे गेले म्हणून ओरडणारं माणूस आलेल्या पैशांकडे बघत नाही, हा आत्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

चार तारखेला सेंट. नऊ तारखेला एक हजार आठशे चाळीस परत जमा. दहा तारखेला पुन्हा तेच सेंट.

"बाटली फुटकी आली होती," आत्या हळूच म्हणाल्या. "आणि चोरानं तक्रार करून पैसे परत घेतले. ज्याचे चोरले, त्याच्याच कार्डावर."

धाकटीनं नळ बंद केला.

"असला चोर मी बावीस वर्षांत ऐकलेला नाही," आत्या म्हणाल्या.

४

दादांच्या पलंगाशी बसून आत्यांनी त्या ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागाला फोन लावला. पंधरा मिनिटं तेच ते संगीत वाजलं. असलं संगीत त्यांनी हजारो लोकांना ऐकवलं होतं. आता ते त्यांच्याच वाट्याला आलं. शेवटी एक तरुण मुलगी बोलली, आवाजाला दमलेला गोडवा.

"किती तास झाले तुला खुर्चीत?" आत्यांनी विचारलं.

"सहा, मॅडम."

"हेडफोन दुसऱ्या कानाला लाव. मी बावीस वर्षं काढली आहेत. आता ऐक. खातं माझ्या भावाचं आहे, फोन त्याच्याच नंबरवरून आहे, तो शेजारीच आहे. बोलता येत नाही त्याला. जन्मतारीख विचार, मी सांगते आणि तो होकाराची टिचकी मारतो."

दादांनी डाव्या हातानं पलंगाच्या दांडीवर टकटक केलं. मुलगी हसली असावी.

"नऊ तारखेला फुटक्या बाटलीची तक्रार होती. फोटो मागता ना तुम्ही?"

"हो मॅडम, फोटोशिवाय परतावा मिळत नाही. ईमेलवर आला होता."

"ईमेल कुणाचा, ते सांगू नकोस, तुला सांगता येत नाही मला ठाऊक आहे. तो फोटो फक्त याच नोंदलेल्या नंबरवर पाठव. आपल्याच खात्याचा कागद आपल्याला मिळतो, हो ना?"

"मिळतो मॅडम." की-बोर्डची खडखड. "पाठवला."

दादा फोनकडे बघत होते. बघता बघता त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"नको," ते म्हणाले.

फोन थरथरला. आत्यांनी फोटो उघडला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

५

चारला वीस मिनिटं कमी असताना त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मावशीला दादांच्या उशाशी बसवलं. थोरला उभाच राहिला, फॉर्म हातात घेऊन.

"भरला नाहीस अजून? ती माणसं येतील आता."

"बसशील का?"

"उभा बरा आहे."

"बरं. तू रोज अकराला येतोस."

"बाबांना बघायला. दुकान उघडायच्या आधी. सगळी आळी जाणते."

"आळी म्हणते गुणी मुलगा, मावशी म्हणते देवमाणूस. तू येतोस, म्हणतोस, जा, अंघोळ घालून आणा, मी बसलोय फोनपाशी. मावशीचे दोन्ही हात ओले. टेबलाच्या खणात कार्ड, टेबलावर फोन, आणि ओटीपी तुझ्या नाकासमोर."

"धाकटीलाही ओटीपी मिळतो."

"मिळतो, एक तारखेला संध्याकाळी, आणि त्यावर ती घाईचे जादा पैसे उधळते. तुझी बायको अकराला फळ्यापुढे असते. मावशीला हवी असती तर पर्स घेतली असती, खोडरबर कशाला? ती शाळेत जाते?" आत्यांचा आवाज चढला नव्हता, तो उलट खाली येत होता. "पण एवढ्यावर मी तुझं नाव घेतलं नसतं. मला वाटलं असतं, चुकतेय मी म्हातारी. तू फुटकी बाटली गप्प ठेवून घेतली असतीस तर सुटला असतास."

त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला.

फोटोत काळी मखमल होती, कडा दुमडून नीट पसरलेली. तिच्यावर फुटकी जांभळी बाटली, तुकडे मोठ्याकडून लहानाकडे लावलेले. शेजारी पितळी पट्टी आडवी. पट्टीच्या टोकाला साखळी, आणि काचेच्या काउंटरखाली पुठ्ठ्यांवर शिवलेली बटणं, ओळीनं.

"फोटो बारा वाजून दहा मिनिटांचा आहे. त्या वेळी दुकानात कोण असतं?"

थोरल्यानं पट्टीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला, आणि आत्यांच्या लक्षात आलं की त्याला लाज वाटत नाहीये. तो आपल्या हिशेबातली चूक शोधत होता.

"बाकी सामान कुठे?" धाकटीनं विचारलं.

"आमच्या पोटमाळ्यावर," सूनबाई म्हणाली. नवऱ्याकडे न बघता. "काल मी शिडी मागितली तर दिली नाही यांनी. ती पर्स माझ्या वाढदिवसाला येणार होती, नाही? एक हजार नऊशे पासष्टाची."

त्यानं फॉर्म या हातातून त्या हातात घेतला.

"कशासाठी केलंस ते मी सांगते," आत्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मावशीचे चार महिन्यांचे पैसे द्यावे लागले असते. चोरीवरून काढली तर द्यावे लागत नाहीत. आणि चोरीचे पैसे बँक परत देणार. म्हणजे वस्तू फुकट, मावशी फुकट. बेरीज सुरेख आहे तुझी. दादाच्या तालमीतला ना तू."

मावशी उठून उभी राहिली होती. तोंडापुढचा हात खाली गेला होता, तिच्या लक्षातही नव्हतं. "साहेब, तुम्ही म्हणायचात, मावशी, तुमच्याशिवाय बाबांचं कसं होणार."

"ते खरंच आहे," थोरला म्हणाला. "दुसरी आणणारच होतो. पहिल्या वर्षाच्या दरानं."

आत्यांना वाटलं, खिडकी उघडी असूनही वास गेलेला नाही.

मग तो फॉर्म पुढे करत म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात, "आत्या, झालं ते झालं. मावशीचं नाव काढून टाकू. अनोळखी माणूस लिही. पैसे तरी परत येतील. घरचेच आहेत ना पैसे?"

आत्यांनी फॉर्म त्याच्या हातातून घेतला.

६

फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते. हे व्यवहार मी किंवा माझ्या घरातल्या कोणीही केलेले नाहीत. तिच्याखाली कार्डधारकाची सही किंवा अंगठा. आत्यांनी ती ओळ हजारो वेळा फोनवर वाचून दाखवली होती, आणि पलीकडची हजारो माणसं तिच्यापाशी अडखळली होती.

त्यांनी ती दादांना मोठ्यानं वाचून दाखवली. शाईचं पॅड आणि कागद त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"दादा, तू अंघोळीच्या खुर्चीत बसून आरशात सगळं बघत होतास. दोन महिने. नको, नको म्हणत होतास आणि आम्ही म्हणत होतो, अंघोळीचा कंटाळा. आता तूच सांग. अनोळखी माणूस लिहू?"

दादांनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ. मग डाव्या हातानं कागद ढकलला. तो पलंगावरून सरकून जमिनीवर पडला.

"नको."

"बाबा, बारा हजारांच्या वर आहेत," थोरला म्हणाला.

"नको," दादा म्हणाले. हा शब्द इतका स्पष्ट त्यांनी कधीच उच्चारला नव्हता.

चार वाजता बेल वाजली. आत्याच दार उघडायला गेल्या. संस्थेची दोन माणसं होती, फाईल घेऊन. आत्यांनी त्यांना दारातच फोटो दाखवला, तारखा वाचून दाखवल्या, आणि फाईलमध्ये मावशीच्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं ते चष्मा लावून स्वतः वाचलं. 'तक्रार खोटी. तीन वर्षांची रक्कम देय.' मग धाकटीनं तिथल्या तिथे लिहून दिलं की रक्कम ती देईल, आणि दुकानातल्या भावाच्या वाट्यातून वसूल करून घेईल. थोरला काही बोलायला गेला, पण सूनबाईनं दुकानाची किल्ली त्याच्या खिशातून काढून धाकटीच्या हातावर ठेवली आणि पर्स सावरत जिना उतरून गेली. तो तिच्यामागे गेला नाही. जाऊन तिच्याशी बोलणं बहुतेक त्याला परवडत नव्हतं.

बाटली आत्यांनी पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकली. हात तीनदा धुतले तरी वास बोटांत राहिला.

रात्री त्या तिथेच झोपल्या. सकाळी चहा झाला, पेपर झाला, आणि नंतर त्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून राहिल्या, काही काम नसल्यासारख्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र दर दोन मिनिटांनी बघत होत्या. जिन्यात कुणाचे पाय वाजले नाहीत.

अकरा वाजले. मावशीनं चाकांची खुर्ची आणली, ब्रेक लावला, दादांच्या काखेत हात घातला.

"चला आजोबा. अंघोळ."

आत्यांनी दादांच्या तोंडाकडे पाहिलं.

दादा काहीच बोलले नाहीत. त्यांनी डावा हात मावशीच्या खांद्यावर टाकला आणि मोरीकडे बघू लागले.